नव्वद वॉट

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास घराने ठरवून टाकलं की घरात कोणीही नाही. आधी पॅसेजमधला दिवा विझला, मग तळघरातल्या फर्नेसची घरघर थांबली आणि जमिनीतल्या जाळीतून येणारा गरम वारा हळूहळू बंद पडला. प्रतिमा मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेली होती. मांडीवर एक कागद होता आणि दोन्ही हात त्या कागदावर होते. घर चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. श्रीरामने प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात बसवलेल्या त्या पांढऱ्या डब्यांना फक्त हालचाल कळायची. सलग दीड तास घरात काहीच हललं नाही तर नवराबायको बाहेर गेलेत असं समजायचं आणि तापमान अडुसष्ट फॅरनहाइटवरून अठ्ठावनवर आणायचं, असं त्याने त्यांना शिकवून ठेवलं होतं. म्हणजे दीड तास आपण हललोच नाही, हे प्रतिमाला तेव्हा कळलं. तेवढ्यात फोन वाजला. श्रीराम ऑफिसातून बोलत होता. घराचं वेबपेज त्याच्या तिथल्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात दिवसभर उघडं असायचं. "बाहेर गेलीस का गं? घर अवे मोडला गेलंय." "घरीच आहे." "कुठे?" "मागच्या खोलीत." "मग सेन्सर गेला की काय? जरा हात हलव बघू." तिने डावा हात उचलून हवेत हलवला. "हां, दिसलीस," तो खूश होऊन म्हणाला. "सेन्सर ओके आहे. तू मधून मधून हलत जा यार." फर्नेस पुन्हा घरघरायला लागली. दीड तास तू हलली का नाहीस, हे त्याने विचारलं नाही.

कागद अमरावतीहून आला होता. म्हणजे निघाला होता तंत्रनिकेतनातून, गेला होता तिच्या माहेरी, नागपूरच्या पत्त्यावर, आणि तिथून धाकट्या बहिणीने, दीपाने, मोठ्या पाकिटात घालून अमेरिकेत, अ‍ॅन आर्बरला धाडला होता. सोबत एक चिठ्ठी. "ताई, काय ते ठरव. मी कोणाला बोलले नाही." सरकारी मराठीत लिहिलं होतं की श्रीमती अमुक यांची पाच वर्षांची असाधारण रजा संपत असून, दिनांक एक फेब्रुवारी दोन हजार सात रोजी त्या कामावर हजर न झाल्यास त्यांनी राजीनामा दिला आहे असे समजण्यात येईल. समजण्यात येईल. हल्ली तिच्याबद्दल सगळे परस्पर समजूनच घेत होते. चौदा वर्षं तिने डिप्लोमाच्या मुलांना विजेची यंत्रं शिकवली होती. श्रीरामला इकडे नोकरी लागली तेव्हा घरात ठरलं की तिने बिनपगारी रजा टाकावी, राजीनामा कशाला, पुढेमागे बघू. ते पुढेमागे आता आठ आठवड्यांवर येऊन ठेपलं होतं. व्हिसा नवऱ्याच्या आधाराने मिळालेला, त्यावर तिला इथे पगाराचं कुठलंच काम करता येत नव्हतं. ग्रीन कार्डची रांग कुठवर सरकली हे श्रीराम दर महिन्याला बघायचा आणि लॅपटॉप मिटायचा. पहिल्या वर्षी तिने लायब्ररीत पुस्तकं लावली, दुसऱ्या वर्षी शेजारच्या चिनी मुलीला गणित शिकवलं, तिसऱ्या वर्षापासून तिने काही करणं सोडून दिलं. मूल व्हावं म्हणून दोन वर्षं डॉक्टरकडे खेपा झाल्या, मग तेही बोलणं आपोआप थांबलं. उरली ती ही मागची खोली. आधीच्या मालकाने घराला जोडून बांधलेली, खालून पोकळ, तिन्ही बाजूंना काचा. इथवर फर्नेसचा वारा पुरेसा पोचत नसे आणि जमिनीवर पाय टेकवला की थंडी नडगीपर्यंत चढायची. घरातली सगळ्यात गार खोली तीच, आणि प्रतिमा बसायची ती नेमकी तिथेच.

थंडीचं एक होतं. पहिल्या हिवाळ्यात तिच्या पायांची बोटं लाल होऊन सुजली, रात्रभर खाजायची, तेव्हा तिने सासूबाईंना फोनवर सहज सांगितलं. सासूबाई केवढ्या कळवळल्या. तिळाचं तेल लाव म्हणाल्या, मोजे घालून झोप म्हणाल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "नाहीच सोसलं तर चार महिने इकडे ये बाई. जिवापेक्षा काय जास्त आहे?" प्रतिमा फोन ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली होती. कारण त्याआधी एकदा ती त्यांनाच म्हणाली होती, "आई, मला इथे काम नाही, करमत नाही," तर त्या हसून म्हणाल्या होत्या, "मग आराम कर की. नोकरीत काय कमी झिजलीस?" आईही तेच म्हणाली. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या बायकाही तेच म्हणायच्या, आणि त्यातली एक तर म्हणाली की तुमच्यासारखं नशीब आम्हाला मिळालं असतं तर. करमत नाही या तक्रारीला कोणी काडीची किंमत देत नव्हतं. थंडीला मात्र द्यायचं. थंडी सगळ्यांना पटायची, डॉक्टरलासुद्धा. मग प्रतिमाने हळूहळू सगळंच थंडीच्या खात्यावर टाकायला सुरुवात केली. रडू आलं की थंडीने डोक्यात कळ येते. स्वयंपाक नकोसा झाला की बोटं आखडतात. त्यात खोटं फारसं नव्हतं, कारण बोटं खरंच आखडत होती. आणि या कागदावरचा उपायही थंडीतूनच निघणार होता. जानेवारीत म्हणायचं, यंदा सोसवत नाही, चार महिने जाऊन येते. सासूबाई हो म्हणतील. श्रीराम विमानात बसवून देईल. मग एकदा अमरावतीत पाय ठेवला, हजेरीपटावर सही केली, वर्गात मुलं उभी राहिली की पुढचं पुढे. तोंडावर नाही म्हणायची वेळ कोणावरच येणार नाही. असे मांडे ती त्या गार खोलीत बसून मनातल्या मनात खात होती, आणि म्हणून हलत नव्हती.

संध्याकाळी श्रीराम आला तो कोट न काढताच मागच्या खोलीत गेला, वाकून हाताने जमीन चाचपली आणि तिथूनच ओरडला, "अगं, बर्फ आहे ही! म्हणून तू गोठून बसतेस. मी दुपारपासून तोच विचार करतोय." जेवताना त्याने कागदी रुमालावर आकृती काढली. खालचं लिनोलियमचं जुनं आवरण उखडायचं, आतल्या प्लायवूडवर विजेची तार विणलेली जाळी अंथरायची, वरून सिमेंट आणि टाइल्स. जमिनीतच एक सेन्सर, तो भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला, थर्मोस्टॅट तळघरातल्या कॉम्प्युटरला. "म्हणजे सिस्टिममध्ये हा वेगळा झोन होणार. तू सकाळी उठायच्या आधी अर्धा तास फ्लोअर आपोआप वॉर्म. तुला बटणसुद्धा दाबायला नको." तिने वरण वाढलं. "एवढा खटाटोप कशाला?" "खटाटोप काय त्यात? पाच वर्षं तू थंडीने मरतेयस आणि मी नुसता बघतोय. मला गिल्टी वाटतं गं." श्रीराम चांगला माणूस होता, आणि हेच तिच्या गळ्याभोवती आवळलेलं होतं. त्याने हात उगारला असता, दारू प्यायला असता, माहेरच्यांना बोल लावला असता, तर पदर खोचून निघता आलं असतं. हा सकाळी तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ऑफिसला जायचा. असल्या माणसापासून सुटका कोणत्या तोंडाने मागायची? तिचं दुखणं त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं, ते दूर करायला कंबर कसली होती, आणि तिचा जायचा एकुलता एक रस्ता तो टाइल्स लावून बंद करणार होता. "वरण आळणी झालंय का?" तिने विचारलं. "नाही, मस्त आहे," तो म्हणाला आणि रुमालावर खोलीची मापं टाकू लागला.

डिसेंबर असाच गेला. लिनोलियम उखडलं गेलं, खालचा प्लायवूड उघडा पडला, आणि खोली आणखीच गार झाली. दीपाचा फोन आला की प्रतिमा तळघरात जाऊन बोलायची. तिथे कपडे वाळवायचं यंत्र चालू असलं की वर काही ऐकू जात नसे. "ताई, तू भाऊजींना सरळ सांगत का नाहीस?" "सांगेन." "कधी? तिकिटं फुल्ल होतील." "थंडी जरा वाढू दे." "थंडीचा काय संबंध?" दीपाला ते कसं समजावणार. नागपुरात बसून, बँकेतून घरी येऊन, पाय पसरून बहिणीशी बोलणाऱ्या बाईला हे समजावता येत नाही की बायकोने नवऱ्याला सोडून नोकरीसाठी दुसऱ्या देशात राहणं याला आपल्यात अजून धड शब्दसुद्धा नाही. जो शब्द आहे तो भांडणाचा, वकिलाचा. आणि भांडण तर नव्हतंच. प्रतिमा यंत्राच्या गोल काचेतून त्याचे शर्ट आणि तिचे स्वेटर एकमेकांत गुरफटत फिरताना बघायची आणि तिला मे महिन्यातली प्रयोगशाळा आठवायची. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, मोटारींच्या वंगणाचा वास, घामाने पाठीला चिकटलेलं ब्लाऊज, आणि वीस मुलं तिच्या तोंडाकडे बघताहेत. आधी मोजा, मग जोडा. हे ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. मुलं मागे तिची नक्कल करायची तेही तिला ठाऊक होतं आणि आवडायचं. त्या उकाड्यात एकदाही तिला जीव नकोसा झाला नव्हता. इथे सगळीकडे बेताची ऊब, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही, आणि तिला श्वास पुरत नव्हता.

तेरा जानेवारीला, शनिवारी, जाळी अंथरायचा दिवस ठरला. खोकं दोन दिवस आधीच येऊन पडलं होतं. श्रीरामने गुडघ्यांना उशा बांधल्या, कानामागे पेन्सिल अडकवली आणि तिला हाक मारली, "ये, तुझ्या डिपार्टमेंटचं काम आहे. रेझिस्टन्स चेक करायचाय. तीनदा करायला सांगितलाय, अंथरायच्या आधी, नंतर, आणि टाइल्स लागल्यावर." त्याने तिच्या हातात मीटर दिला. नवा, पिवळा, स्वस्तातला मीटर. त्याच्या दोन पिना तिने बोटांत धरल्या आणि बोटं आपोआप जशी बसायला हवीत तशी बसली. पाच वर्षांत तिने मीटर हातात धरला नव्हता. ती उकिडवी बसली, तारेची दोन टोकं सोलली, आधी पिना एकमेकींना टेकवून मीटर शून्य दाखवतो का ते पाहिलं, मग तारेला टेकवल्या. आकडा थरथरला आणि स्थिर झाला. "एकशेसाठ," ती म्हणाली. आपला आवाज केवढा खणखणीत निघाला हे तिचं तिलाच जाणवलं. श्रीरामने खोक्यातल्या कार्डावर बघितलं. "वन सिक्स्टी! स्पॉट ऑन. कार्डावरही तेच आहे." त्याने आकडा लिहून घेतला. आणि प्रतिमाने, नको नको म्हणत असतानाही, मनात गुणाकार करून टाकला.

हिशोब साधा होता, पहिल्या वर्षाच्या मुलालाही आला असता. एवढ्या जाळीला एकशेसाठ ओहम म्हणजे जाळी दोनशेचाळीस व्होल्टसाठी विणलेली. आणि श्रीरामने जाळीसाठी ओढून ठेवलेली वायर होती भिंतीतल्या साध्या प्लगवरून, म्हणजे इथल्या नेहमीच्या एकशेवीस व्होल्टची. अर्धा दाब मिळाला की ऊब अर्धी होत नाही, पाव होते. तीनशेसाठ वॉटची जाळी नव्वद वॉट देणार. तीस चौरस फुटांच्या जमिनीला एका बल्बाएवढी ऊब. तिने खोक्याकडे पाहिलं. खोक्यावर ठसठशीत २४० छापलं होतं, कार्डावर छापलं होतं, तारेला चिकटवलेल्या पट्टीवर छापलं होतं. श्रीरामने ते वाचलं नव्हतं असं नाही. शेजारच्या एखाद्या अमेरिकन माणसाचा डोळा त्या आकड्याशी ठेचकाळला असता. पण श्रीरामने जन्मापासून प्रत्येक पंख्यावर, इस्त्रीवर, मिक्सरवर दोनशे तीस, दोनशे चाळीस हेच वाचलेलं, वीज म्हटली की हाच आकडा असायचा. इथे पाच वर्षं राहून भाषा बदलली, गाडी उजवीकडून चालवायची सवय झाली, पण डोळ्याला तो आकडा अजून घरचाच वाटत होता. तिला त्याच्याबद्दल एकदम माया आली. आणि त्याच क्षणी, त्या मायेला लागूनच, दुसरं काहीतरी आलं. गप्प बसायचं. नुसतं गप्प बसायचं. काही करायचं नाही, काही तोडायचं नाही, खोटंही बोलायचं नाही. तो अंथरेल, वर सिमेंट ओतेल, टाइल्स बसवेल, आणि जमीन गार राहील. सिमेंटखाली गेलेली जाळी परत निघत नाही. तो सिस्टिमला दोष देईल, खालच्या पोकळीला देईल, यंदाच्या हिवाळ्याला देईल. ती म्हणेल, जाऊ दे, तू एवढं केलंस, पण नाही सोसवत. आणि विमानात बसेल.

"चहा टाकू?" तिने विचारलं. "टाक ना, आलं घालून." स्वयंपाकघरात आलं किसताना तिचं बोट खरचटलं. खिडकीबाहेर बर्च झाडांच्या पांढऱ्या खोडांवर पांढरा बर्फ बसला होता. मागच्या खोलीतून श्रीरामचं गुणगुणणं ऐकू येत होतं, सूर नसलेलं, पण मजेतलं. ती चहा घेऊन आली तेव्हा निळी तार सबंध जमिनीवर नागमोडी पसरलेली होती आणि काम त्याने सुरेख केलं होतं, दोन ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं, एकही वेटोळं दुसऱ्यावर चढलेलं नाही. विद्यार्थी असता तर तिने पैकीच्या पैकी मार्क दिले असते. जोडणीचे मात्र शून्य. तिने दुसऱ्यांदा मोजलं. एकशेसाठ. त्याने लिहिलं. तो बादलीत सिमेंटची पावडर आणि पाणी घालून ड्रिलने घुसळायला लागला आणि ती दारात उभी राहून आपल्याच ओठांवर पहारा देत राहिली. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं गप्प राहणं हे इतकं अंगमेहनतीचं काम असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला परीक्षेचा हॉल आठवला, सदोष जोडणी करून पठ्ठ्या बटण दाबायला हात पुढे करतो आहे, आणि परीक्षकाने बोलायचं नसतं, नियमच आहे, तरी तिच्या तोंडून दर वर्षी थांब निघून जायचं. हा काही परीक्षेचा हॉल नाही, तिने स्वतःला बजावलं. हा तुझा सुटायचा मार्ग आहे, बाई. गप्प बस. श्रीरामने थापीवर पहिला गोळा घेतला, लांबच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसला, आणि मागे न बघता लहान मुलासारखा उत्साहाने म्हणाला, "थ्री सिक्स्टी वॉट्स, प्रतिमा. वीस मिनिटांत तुझे पाय शेकणार."

"नव्वद," ती म्हणाली.

शब्द बाहेर पडून गेला होता. चौदा वर्षांत तिच्यासमोर कोणी चुकीचं उत्तर बोललं आणि ते तसंच हवेत राहिलं असं झालं नव्हतं. तो वळला. "काय नव्वद?" आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिने सांगितलं. सांगताना ती आत आली, खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं, भिंतीतल्या वायरवर बोट ठेवलं, त्याच्या कानामागची पेन्सिल काढून उघड्या प्लायवूडवर भागाकार मांडला. आवाज वर्गातला होता आणि त्या पाच मिनिटांत तिला काहीच दुखत नव्हतं, हे तिला नंतर आठवलं तेव्हा ती घाबरली. श्रीराम थापी हातात धरून ऐकत राहिला. मग हसत सुटला. "यार, मी हे सगळं पुरून टाकणार होतो! तू नसतीस तर?" तो उठला आणि सिमेंटच्या हातांनीच त्याने तिला जवळ घेतलं, तिच्या निळ्या स्वेटरवर करड्या बोटांचे ठसे उमटले. बादलीतलं सिमेंट तिथेच घट्ट होत गेलं. दुपारभर तो मित्रांना फोन करून सांगत होता, "अरे, आमच्या घरात खरी इंजिनिअर कोण आहे माहितीये का?" आणि ती सिंकपाशी उभी राहून स्वेटर घासत होती. तिला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. राग येत होता आणि खोल कुठेतरी अभिमानही वाटत होता, आणि कुठला कुठे संपतो ते सापडत नव्हतं.

मंगळवारी इलेक्ट्रिशियन आला. ड्वेन नावाचा साठीचा, भल्या पोटाचा गोरा माणूस. मुख्य पेटीतून दोनशेचाळीसची वेगळी लाइन ओढायची हे प्रतिमानेच त्याला सांगितलं, कुठून न्यायची ते चित्र काढून दाखवलं, आणि जमिनीला कोणता सुरक्षेचा स्विच हवा तेही. तो चित्राकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "यू लुकिंग फॉर वर्क?" त्याने हसत विचारलं. "शी कान्ट," श्रीराम पटकन म्हणाला, "व्हिसा." ड्वेनने ओठ दाबून मान हलवली, एखाद्या घरी आजारी माणूस आहे असं कळल्यावर हलवतात तशी, आणि तो पेटी उघडायला लागला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं. टाइल्स बसल्या, तिसऱ्यांदा मोजलं, एकशेसाठच आले. सिमेंट सुकायला आठवडा लागतो म्हणून आठवडा थांबले. त्या आठवड्यात प्रतिमा दिवसातून एकदा कॉम्प्युटरवर डेट्रॉइटहून सुटणारी विमानं बघायची. सोमवारी संध्याकाळचं पकडलं तर बुधवारी पहाटे मुंबई, रात्रीची गाडी, गुरुवारी सकाळी अमरावती. गुरुवारी एक तारीख. जागा शिल्लक होत्या. ती पान बंद करायची आणि घरभर चालत राहायची.

रविवारी सकाळी श्रीरामने जमीन चालू केली. दोघं मोजे काढून मागच्या खोलीत उभी राहिली. आधी काही वाटलं नाही. मग तळव्यांना खालून एक मऊ, सावकाश ऊब लागायला लागली, बोटांच्या बेचक्यांतून वर आली, घोटे सैल पडले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या पायाच्या करंगळ्या तिला आपल्या वाटल्या. ते सुख खरं होतं. नाकारायची सोय नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि श्रीरामला ते आनंदाचं वाटलं, आणि त्यातलं थोडं होतंही. त्याने लगेच अमरावतीला फोन लावून स्पीकरवर टाकला. "आई, प्रतिमाच्या खोलीची जमीनच गरम केली." सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं, मग त्या म्हणाल्या, "हे बेस झालं हो. प्रतिमा, आता सोसते ना गं थंडी?" श्रीराम तिच्याकडे बघत होता. "हो आई," ती म्हणाली. "मग झालं तर. आता तिथेच सुखाने राहा." फोन बंद झाला. आता थंडी नव्हती. जे होतं ते उघडं पडलं होतं, आणि त्याला नाव द्यायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"श्रीराम, मला परत जायचंय," ती म्हणाली.

"कुठे? अमरावतीला? जा ना. मार्चमध्ये जा, तिकडे बरं असतं."

"उद्या. एक तारखेला हजर व्हायचंय. आणि चार दिवसांसाठी नाही. नोकरीवर." तिने कागद आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो उभ्यानेच वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. गरम जमिनीवर त्याचे अनवाणी पाय एकमेकांना चिकटून उभे होते. "तुला थंडी सोसत नव्हती ना?" तो म्हणाला. "सोसत नव्हतीच. पण जायचंय ते त्यासाठी नाही." "मग कशासाठी?" "इथे मी कोणीच नाहीये." हे वाक्य तिने पाच वर्षांत मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं, आणि आता ते इतकं साधं निघालं की तिला वाटलं, एवढंच होतं? त्याने कागदाची घडी त्याच्या जुन्या रेघांवरच नीट घातली आणि तिला परत दिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्याला सगळं समजलंय आणि आपल्याकडे देण्यासारखं काही नाही, असा तो चेहरा होता. तो जरा इकडेतिकडे बघत राहिला. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. "किचनमध्येही तुला गार लागत असेल," तो म्हणाला. "दिवसभर उभी असतेस तिथे. तिकडेही टाकू. हाच झोन एक्स्टेंड करता येईल." तिच्या उत्तराची वाट न बघता तो गेला, ड्रॉवरमधून टेप काढला, स्वयंपाकघराच्या जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि टेपचं टोक हवेत तिच्या दिशेने धरून राहिला. त्याने तिच्याकडे वर पाहिलं नाही.

ती उंबऱ्यात उभी होती. एक पाय गरम टाइलवर, एक स्वयंपाकघराच्या गार जमिनीवर. कागद तिच्या हातात होता. आता तो टेप सोडून उठला असता, ओरडला असता, जा म्हणाला असता, तर ती गेली असती, हे तिला लख्ख दिसत होतं. तो तसाच बसून राहिला. हात तसाच धरून. मग आपण जाणार नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि रडू येण्याऐवजी एक फार मोठा थकवा आला. तिने कागद स्वेटरच्या खिशात ठेवला, पुढे होऊन टेपचं टोक धरलं आणि ते भिंतीला घट्ट टेकवलं.

"बारा फूट चार इंच," तो म्हणाला.

"कपाटांखाली जाळी घालायची नसते," ती म्हणाली. "तेवढे दोन फूट वजा कर."

त्याने केले.